तलंग का कोंबडा?

आमच्या जळकोटकडं अंड्याचा पैसा बाईचा असतो. सोयाबीनचा पैसा घरधन्याच्या खात्यावर जमा होतो, तुरीचा सोसायटीच्या कर्जात वळता होतो, दुधाचा निम्मा पेंडीच्या दुकानात राहतो. अंडी विकून आलेली नोट मात्र कुणी मागत नाही. तिच्यातून लेकराची वही येते, बचत गटाचा हप्ता भरला जातो, माहेरी जायचं तिकीट निघतं. त्यामुळं पिल्लं निघाली की गल्लीतल्या बाया एकच विचारतात, तलंगा किती आणि कोंबडे किती? तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी. घरात तलंगा किती, यावर पुढच्या वर्षी बाईच्या हातात काय पडणार हे ठरतं. आणि नेमकी हीच गोष्ट पिल्लू हातात धरून कितीही निरखलं तरी दिसत नाही.

मी लातूर शहरात, औसा रोडच्या बाजूला वाढले. कोंबड्यांशी संबंध अंड्यापुरता. लग्न होऊन जळकोटला आले तेव्हा अंगणात खुराडं होतं, पण ते आत्याबाईंचं. सासूबाईंच्या त्या राज्यात मी फक्त सांजच्याला डालं झाकायला जात असे. पुढं त्यांच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी धुळीत जायला मनाई केली, आणि खुराडं माझ्याकडं आलं.

पिल्लं आणायचं मी हिवाळ्यातच ठरवलं होतं. पण २०२५च्या जानेवारीत उदगीर शहरात कावळे मरून पडले आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. उदगीर आम्हाला अगदी जवळ. बाजार, दवाखाना, कॉलेज सगळं तिकडंच. त्याआधी २०२१मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याच्या कोंबड्या गेल्या होत्या, ती आठवण गल्लीत ताजी होती. सगळं निवळेपर्यंत थांबलो. मिरग निघाल्यावर मात्र तीन वाटांनी पिल्लं घरात आली. आत्याबाईंची काळी कोंबडी खुडूक बसली होती, तिच्याखालची गावरान. बचत गटातल्या आम्ही काही जणींनी मिळून मागवलेली एक दिवसाची आरआयआर, म्हणजे ऱ्होड आयलंड रेड, तांबड्या रंगाची. आणि माझ्या मुलानं आठवडी बाजारातून हट्टानं आणलेली गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं. या तीन जातकुळ्यांनी मला तीन वेगळे धडे दिले. पण ते नंतर. पहिले काही आठवडे माझ्या डोक्यात नुसता गोंधळ होता.

कारण सांगणारे फार. शेजारच्या काकू म्हणाल्या, पिल्लाच्या मानेला धरून उचल; पाय पोटाशी घेतले तर मादी, लोंबते सोडले तर नर. समोरच्या घरातल्या आजींचं म्हणणं बरोब्बर उलटं. तिसऱ्या बाईनं सुईत दोरा ओवून पिल्लावर धरला. गोल फिरला तर तलंग, सरळ झुलला तर कोंबडा. मी पिल्लांच्या नखांना वेगवेगळ्या रंगाचं नेलपॉलिश लावलं आणि वहीत कोण कुणाला काय म्हणालं ते लिहीत गेले. एकच पिल्लू सकाळी मादी ठरायचं आणि संध्याकाळी दुसऱ्या बाईच्या हातात नर. काकूंनी स्वतःच दोनदा उचललेल्या पिल्लानं एकदा पाय घेतले, एकदा सोडले. ते भुकेलं आहे का, घाबरलं आहे का, किती घट्ट धरलंय, एवढंच त्यातून कळत होतं.

सगळ्यात पक्का समज अंड्याच्या आकाराचा. आमच्याकडं म्हणतात, टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो, गोलसर अंड्यातून तलंग. खुडूक कोंबडीखाली अंडी मांडताना आत्याबाई शक्यतो गोल अंडी निवडून ठेवायच्या. हा समज किती जुना आहे हे मला पुढं वाचनात आलं. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ग्रीसमध्ये अॅरिस्टॉटलनं लिहून ठेवलं की लांब, टोकदार अंड्यात मादी असते आणि गोल अंड्यात नर. पुढं रोमच्या प्लिनीनं नेमकं उलटं लिहिलं. त्याचं मत आमच्या गल्लीशी जुळतं. दोन हजार वर्षांपूर्वीचे एवढे मोठे अभ्यासकही एकमेकांच्या उलट बोलत होते, हे वाचून मला बरं वाटलं.

उत्तर मात्र खुराड्यातच होतं. आमची काळी कोंबडी कायम टोकदारच अंडी घालते. तांबडी घालते ती कायम गोल. अंड्याचा आकार कोंबडीच्या अंडनलिकेत ठरतो आणि एक कोंबडी बहुतेक वेळा एकाच घडणीची अंडी देत राहते. आकारावरून लिंग ठरत असतं तर काळीच्या पोटी जन्मभर कोंबडेच निघायला हवे होते. आमच्या घरातल्या अर्ध्या जुन्या कोंबड्या तर तिच्याच लेकी आहेत. हे मी आत्याबाईंना सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "खरंच की गं. म्या हे कवा इचारच केला नाही."

मग मी पशुवैद्यकीय दवाखाना गाठला. हा मुलूख देवणी आणि लाल कंधारी जनावरांचा. दवाखान्यापुढं वळू, गाई, उस्मानाबादी शेळ्या. त्या गर्दीत पिशवीत पिल्लू घेऊन एक बाई विचारायला आली आहे, हे नर आहे का मादी, याचं तिथल्या डॉक्टरांना नवल वाटलं नाही. ते उदगीरच्याच पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. आत्याबाई सोबत होत्या, त्यांना खुर्ची दिली आणि हातातलं काम आटोपून त्यांनी आम्हाला नीट समजावलं.

माणसात मूल मुलगा होणार का मुलगी, हे बापाच्या बीजावरून ठरतं. पक्ष्यांत ते आईच्या अंड्यावरून ठरतं. कोंबड्याकडं लिंगाची दोन्ही गुणसूत्रं सारखी असतात, त्यांना झेड-झेड म्हणतात. कोंबडीकडं दोन वेगळी असतात, झेड आणि डब्ल्यू. अंडं तयार होताना त्यात कोंबडीकडून झेड गेलं तर नर, डब्ल्यू गेलं तर मादी. म्हणजे कवच चढायच्या आधीच निकाल लागलेला असतो. मगरीत आणि बऱ्याच कासवांत अंडं किती उबेला राहिलं यावरून नर-मादी ठरते, तसं कोंबडीत होत नाही. उन्हाळ्यात बसवलेल्या अंड्यांतून कोंबडेच जास्त निघतात, असं आमच्याकडं ऐकायला मिळतं. त्यालाही आधार नाही. फार उष्णतेनं पिल्लं अंड्यातच मरतात, पण मादीचा नर होत नाही.

आत्याबाईंनी हे सगळं लक्ष देऊन ऐकलं. त्यांना पहिल्या तीन मुली, मग मुलगा. त्या तीन मुलींपायी त्यांनी घरात आणि भावकीत काय ऐकलं, ते मला तुकड्यातुकड्यानं माहीत आहे. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "म्हंजे माणसात बाईकडं काहीच नसतंय?" डॉक्टर म्हणाले, "आजी, पोरगं का पोरगी, हे ठरवायचं बाईच्या हातात अजिबात नसतं." त्यावर त्या म्हणाल्या, "हे आमच्या मालकाला एकदा सांगा की, डॉक्टर. तुमच्या तोंडून." डॉक्टरांनी खरोखर पुढच्या खेपेला, गाय दाखवायला मामंजी आले तेव्हा, त्यांना ते सांगितलं. घरी येऊन मामंजी काही बोलले नाहीत. पण आत्याबाईंना कळलं होतं की सांगितलंय.

आता मूळ प्रश्न. निकाल अंड्यातच लागलेला असेल, तर एक दिवसाच्या पिल्लावर तो कुठंतरी दिसत असेलच ना? दिसतो, पण फार थोड्यांना. पिल्लाच्या शेपटीखाली जी विष्ठेची जागा असते, तिच्या आतल्या कडेला डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा एक उंचवटा असतो. नरात तो बहुधा गोल, टणक, चकचकीत. मादीत चपटा किंवा नसल्यातच जमा. ही खूण शोधून तिची रीत बसवली जपानी लोकांनी. टोकियोच्या विद्यापीठातले कियोशी मासुई आणि त्यांचे सहकारी यांनी १९२०च्या दशकात हे काम केलं आणि १९२७ साली कॅनडात ओटावा इथं भरलेल्या जागतिक कुक्कुट परिषदेत ते जगापुढं आलं. त्यानंतर जपानी तपासनीस देशोदेशीच्या हॅचऱ्यांत कामाला गेले. तयार झालेला तपासनीस तासाला हजाराच्या आसपास पिल्लं बघतो आणि शंभरातली अठ्ठ्याण्णव बरोबर सांगतो. पण तो तयार व्हायला लाखो पिल्लं हाताखालून जावी लागतात, कारण उंचवट्याचे पुष्कळ प्रकार असतात आणि काही नर-मादी दोघांत जवळजवळ सारखेच दिसतात. शिवाय हे पहिल्या दिवसातच बघावं लागतं.

मोबाईलवर कुणीतरी असं पिल्लू दाबून दाखवताना मी पाहिलं होतं आणि आपणही करून बघावं असं मनात होतं. डॉक्टरांनी हात जोडले. म्हणाले, "ताई, एवढं मात्र करू नका." पोटात अजून बलकाची पिशवी असते. चुकीच्या जागी दाब पडला की पिल्लू आतून फाटतं आणि दोन दिवसांनी मान टाकतं. बाईला वाटतं, मानमोडी आली. हे वाचणाऱ्या प्रत्येकीला मलाही तेच सांगायचं आहे. ही विद्या मोठी आहे, तिच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो, पण ती घरच्या अंगणात करून बघायची नाही.

दुसरी खूण पंखाची. पिल्लाचा पंख अलगद उघडला की पिसांच्या दोन ओळी दिसतात. एक ओळ लांब आणि एक आखूड असेल तर मादी, दोन्ही सारख्या असतील तर नर. हे मी खूप उत्साहानं आमच्या आरआयआर पिल्लांवर पाहिलं. कुणाची ओळ लांब, कुणाची सारखी, वहीत दोन रकाने भरले. पुढं हे रकाने आणि प्रत्यक्ष यांचा काही मेळ बसला नाही. कारण नंतर समजलं. पिसं लवकर फुटणं आणि उशिरा फुटणं हा गुण लिंगाच्या गुणसूत्रावर असतो. लवकर पिसं येणारा बाप आणि उशिरा पिसं येणारी आई अशी जोडी मुद्दाम लावली, तरच त्यांच्या पिल्लांत लेकींना पिसं लवकर येतात आणि लेक मागं राहतात. मोठ्या कंपन्यांच्या काही जाती अशा बांधलेल्या असतात. आपल्या गावरान कोंबडीला किंवा साध्या आरआयआरला ही खूण लागू नाही. मोबाईलवर पंख उघडून दाखवणारा खोटं सांगत नसतो. तो त्याच्या जातीचं सांगत असतो, आणि हेच तो बोलत नाही.

रंगाचंही तसंच आहे. आरआयआरचा तांबडा कोंबडा आणि अंगावर काळे-पांढरे आडवे पट्टे असलेली प्लायमाउथ रॉक कोंबडी यांची पिल्लं सगळी काळी निघतात, पण नराच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो. पट्ट्यांचा गुण झेडवर असतो आणि कोंबडी आपलं झेड फक्त लेकाला देते. म्हणून ठिपका फक्त लेकाच्या डोक्यावर. केंब्रिजचे शास्त्रज्ञ रेजिनाल्ड पनेट यांनी पहिल्या महायुद्धात, इंग्लंडात धान्याची ओढाताण असताना, रंगावरून नर लवकर ओळखा म्हणजे त्यांच्यावर खाद्य वाया जाणार नाही, असं सुचवलं होतं. किती साधा आणि किती उपयोगी विचार. शंभर वर्षांनी जळकोटच्या बाईपुढं अडचण तीच आहे, कणी महाग आहे आणि खाणारी तोंडं कोणत्या कामाची हे ठाऊक नाही. पण जोडी बांधलेली नसेल तर रंग काही सांगत नाही. गावरान पिल्लं काळी, बदामी, पाठीवर पट्टे असलेली, सगळ्या रंगांत निघतात आणि प्रत्येक रंगात नरही असतात, माद्याही.

म्हणजे पहिला महिना बाईनं फक्त पिल्लं जगवावीत. बल्बची ऊब, लाईट गेली तर शेगडी, पाणी उकळून गार केलेलं, पहिल्या आठवड्यात मानमोडीवरच्या लासोटा लसीचा थेंब, मुंगूस आणि घारीपासून राखण. नर-मादीचा विचार या महिन्यात करून काही हाती लागत नाही.

साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात आरआयआरमध्ये फरक दिसू लागला. काहींचा तुरा मोठा आणि लालसर होऊ लागला, चोचीखालची कातडी लोंबायला लागली, पाय जाड वाटू लागले. काहींचा तुरा बारीक आणि पिवळटच राहिला. लाल तुऱ्याची ती नर, एवढं या जातीत बरंचसं खरं ठरतं. पण हीच फूटपट्टी घेऊन मी गावरान पिल्लांकडं वळले की पुन्हा गोंधळ. त्यांचा तुरा सावकाश वाढतो. आमच्याकडच्या असिलच्या रक्ताच्या पिल्लांचा तुरा मुळातच दबलेला, नराचाही लहानच. गटातल्या एकीनं कडकनाथ पाळले आहेत. त्यांचा तुराच काळा-जांभळा, त्यात लाली शोधायची कुठं? आणि भांडणावरून तर अजिबात ठरवू नये. छाती काढून एकमेकांपुढं उभ्या राहणाऱ्या दोघी पुढं तलंगा निघाल्या, आणि डाल्याच्या कोपऱ्यात दबून बसणारं एक पिल्लू पुढं गल्लीतला सगळ्यात मोठा कोंबडा झालं.

खरी शाळा झाली ती यानंतर, आणि ती घेतली आत्याबाईंनी. धुळीत जायचं नाही म्हणून त्या ओट्यावर बसायच्या आणि मी एकेक पिल्लू त्यांच्या मांडीवर द्यायचे. नजर अजून पुरती बसली नव्हती. त्या डोळे मिटून पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवायच्या, मानेपासून कंबरेपर्यंत, आणि शेपटीच्या अलीकडं बोटं थांबवायच्या. तिथलं एक पीस चिमटीत धरून टोकापर्यंत ओढायच्या. "बग," त्या म्हणाल्या, "मादीचं पीस ज्वारीवानी गोल लागतंय. नराचं तांदळावानी, टोकाला निमुळतं. तुऱ्याकडं बगू नगंस, इथं बग." मी चिमटीत धरून पाहिलं. आधी दोन्ही सारखीच लागली. मग एका मोठ्या कोंबड्याचं आणि एका अंड्यावरच्या कोंबडीचं कंबरेचं पीस शेजारीशेजारी धरलं आणि फरक लख्ख दिसला. कोंबड्याचं अरुंद, लांब, कडेला चमक असलेलं आणि टोकदार. कोंबडीचं रुंद आणि गोलाईचं. त्यानंतर पिल्लांच्या पाठीवर नव्यानं फुटणारी पिसं वाचता यायला लागली. आठव्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंत ही पिसं येत राहतात. आरआयआरमध्ये लवकर, गावरानात जरा उशिरा. तांदळासारखं एक जरी पीस कंबरेवर फुटलं तरी ते नर, यात मला नंतर कधी फसगत दिसली नाही. छातीवरही खूण मिळते. रानकोंबड्याच्या रंगाची जी गावरान पिल्लं असतात, त्यांत नराच्या छातीवर काळी पिसं उमटायला लागतात आणि मादीची छाती बदामी-तांबूस राहते.

आत्याबाईंना ही खूण त्यांच्या सासूनं शिकवली होती. मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, पुस्तकातही हीच खूण सगळ्यात भरवशाची म्हणून दिलेली आहे. आमच्या घरात अंड्याच्या आकाराचा समजही होता आणि पिसाचं हे पक्कं ज्ञानही होतं, दोन्ही एकाच तोंडून आलेलं. एक टाकून दुसरं ठेवायचं, तर प्रत्येक गोष्ट खुराड्यातल्या पक्ष्यावर घासून बघावी लागते. मला हे काम फार आवडलं.

मुलानं आणलेल्या रंगीत पिल्लांचं वेगळंच झालं. त्यांतली काही पहिल्याच आठवड्यात गेली. उरली त्यांचा गुलाबी-हिरवा रंग पिसं बदलताना उडाला आणि पांढरी, लांबट पायांची पाखरं निघाली. सगळ्यांचे तुरे भराभर लाल झाले. सगळेच्या सगळे कोंबडे. मुलानं विचारलं, एक बी मादी कशी नाही? उत्तर द्यायला मला जड गेलं. अंड्यांसाठी ज्या पांढऱ्या कोंबड्यांची पैदास होते, त्यांचे नर कुणाला नको असतात. ते अंडी देत नाहीत आणि मांसाला अंग धरत नाहीत. हॅचरीत पहिल्याच दिवशी तपासनीस नर बाजूला काढतो. बहुतेक तिथंच मारले जातात. काही स्वस्तात विक्रेत्यांकडं जातात, रंगवले जातात आणि बाजारात पाटीत येतात. जर्मनीनं १ जानेवारी २०२२पासून अशी नर पिल्लं मारायला कायद्यानं बंदी केली. तिथं आता अंडं उबत असतानाच त्यातला नर-मादी ओळखण्याची यंत्रं आली आहेत. आपल्याकडं अजून तसं नाही. जपानी तपासनिसाचं जे कसब मला इतकं थोर वाटलं, त्याच्या दुसऱ्या बाजूला हा ढीग आहे, हे समजल्यावर मला काही दिवस बाजारातली ती पाटी बघवली नाही. मुलाला मी खरं तेच सांगितलं. त्यानं ते कोंबडे विकू दिले नाहीत, मीही आग्रह धरला नाही.

एवढ्यानं नर-मादीचा विषय संपला असं वाटत असतानाच मागच्या गल्लीत एक म्हातारी कोंबडी आरवायला लागली. अंडी बंद झालेली, तुरा वाढलेला, पायाला आर फुटू लागलेली. आमच्याकडं कोंबडी आरवणं अपशकुनी मानतात. घरच्यांनी तिला त्याच दिवशी कापलं. मी डॉक्टरांना विचारलं, तर यालाही साधं कारण निघालं. कोंबडीला एकच अंडाशय कामाचं असतं, डावीकडचं. ते रोगानं निकामी झालं की मादीचा अंतःस्राव थांबतो. कोंबडीची गोल, साधी पिसं या स्रावामुळंच असतात. तो थांबला की अंगावर कोंबड्यासारखी टोकदार पिसं यायला लागतात, कधी ती आरवतेही. स्वित्झर्लंडमधल्या बासेलला १४७४ साली अंडं घातल्याच्या आरोपावरून एका कोंबड्यावर खटला चालवून त्याला जाळलं होतं. तोही बहुधा अशीच एखादी आजारी कोंबडी असावा. आरवणारी कोंबडी घरावर काही आणत नाही. ती आजारी असते, एवढंच.

आता हिशोबाचं. कोंबडीच्या अंड्यांतून नर आणि मादी सरासरीनं निम्मे-निम्मे निघतात. पण सरासरी हजारांवर दिसते, डाल्याखालच्या दहांवर नाही. दहा पिल्लांत सात किंवा जास्त नर निघण्याची शक्यता साधारण सहात एक आहे. म्हणजे गल्लीतल्या सहा बायांनी दहा-दहा पिल्लं काढली, तर एकीच्या नशिबी बहुधा सात-आठ कोंबडे येणारच. ती बाई मग म्हणते, मला विकणाऱ्यानं फसवलं, किंवा माझा हातच असा. दोन्ही नसतं. आमच्या गटात हे झालं, एकीनं खूप मनाला लावून घेतलं, आणि आम्ही तिच्याशी दोन तलंगांची अदलाबदल केली.

पशुसंवर्धन विभागाच्या कुक्कुट योजनेत दोन प्रकार आहेत, ५० टक्के अनुदानाचे. एक, एक दिवसाची १०० पिल्लं. दुसरा, आठ ते दहा आठवड्यांच्या २५ तलंगा आणि ३ नर. आकडा मला आधी उगाच ठेवल्यासारखा वाटायचा. आता कळतं की आठ ते दहा आठवडे हे वय नर-मादी ओळखू येण्याचं आहे, आणि आठ-नऊ माद्यांमागं एक कोंबडा हे अंगणातल्या कळपाला पुरणारं प्रमाण आहे. ज्या बाईला अंडी हवीत, जागा थोडी आहे, हातात खाद्याला पैसा थोडा आहे, तिनं तलंगांचा गट घ्यावा असं माझं ठाम मत आहे. एक दिवसाची पिल्लं स्वस्त दिसतात, पण निम्मी कोंबडे निघणार हे धरूनच ती घ्यायची. कोंबडे ओळखू आले की वेगळे काढावेत, म्हणजे तलंगांना खाद्य पुरतं आणि त्यांच्या पाठीची पिसं शाबूत राहतात. कोंबड्याला आखाडात आणि जत्रेच्या दिवसांत चांगला भाव येतो, तेव्हा विकावेत. आमच्या आरआयआरच्या तलंगा येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावस्येच्या, सुमारास अंड्यावर आल्या. गावरान त्यानंतर.

विकणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. पिल्लं मिसळ आहेत का निवडलेली, जात कोणती, हे बाईला आधी स्पष्ट सांगा. ती पिल्लांवर नाही, पुढच्या वर्षाच्या अंड्यांवर पैसे लावत असते.

आणि ज्या बाया पहिल्यांदाच पिल्लं घेणार आहेत त्यांना: आठव्या आठवड्याच्या सुमाराला मानमोडीची आर-टू-बी लस टोचायची असते, तेव्हा प्रत्येक पिल्लू हातात येतंच. त्याच वेळी पाठीवरून शेपटीकडं हात फिरवा, कंबरेचं पीस चिमटीत धरा. गोल असेल तर अजून थांबा आणि बाराव्या आठवड्यात पुन्हा बघा. टोकदार असेल तर तो कोंबडा.